समुद्रातल्या रिगची वाट अंकलेश्वरवरून जाते

गेल्या रविवारी सकाळी शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन आला. तरसालीच्या आयटीआयमधून फिटर झालेला, वय २१, एका हातात शेव-उसळीचं पार्सल आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा भाव. ‘काका, हे बघा.’ मेसेज असा होता: ऑफशोअर ऑइल रिगवर भरती, अनुभवाची गरज नाही, पगार महिना दीड लाख, जागा थोड्याच, नोंदणी फी २५,००० रुपये. वर रिगचा फोटो. मी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. रिगच्या कठड्यावर चांगला वीतभर बर्फ साचला होता. खाली ठिकाण लिहिलं होतं: मुंबई हाय, म्हणजे आपला अरबी समुद्र.

फसवणाऱ्यानेही थोडा अभ्यास करावा, एवढीच माझी अपेक्षा असते. पण मुलाचा प्रश्न खरा होता, आणि बडोद्यात दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी तो मला विचारतंच. मी १९ वर्षं समुद्रात डिझेल मेकॅनिक म्हणून काढली, आता मांजलपूरला घरी बसून सोसायटीतले मिक्सर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढू.

उत्तर आधी सांगून टाकतो. रिगचा अनुभव नसलेली माणसं रिगवर जातात; मीही तसाच गेलो. पण ज्याच्या हाताला कुठल्याच कामाची सवय नाही, असा माणूस घरातून उठून थेट समुद्रात गेलाय, असं मी जवळजवळ पाहिलेलं नाही. ती सवय लावून घ्यायला बडोद्याच्या मुलाला मुंबईसुद्धा गाठावी लागत नाही.

रिग एक, मालक अनेक

आधी शब्द सुटे करू. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्राच्या तळाशी खांब ठोकून कायमचा उभा केलेला लोखंडी सांगाडा. विहिरीतून आलेलं तेल आणि वायू तिथे गोळा होतात, वेगळे होतात आणि पाइपलाइनने पुढे जातात. रिग म्हणजे विहीर खोदणारं यंत्र, आणि ते फिरतं असतं. मुंबई हायला पाणी साधारण ७५-८० मीटर खोल, त्यामुळे तिथे बहुतेक जॅक-अप रिग दिसतात. तीन उंच जाळीदार पाय लावलेला प्रचंड तराफा डोळ्यांसमोर आणा. टगबोटी तो ओढत आणतात, पाय खाली सोडले जातात, ते तळाला टेकले की सगळं धूड पाण्यातून वर उचललं जातं. खोदकाम संपलं की पाय वर घ्यायचे आणि पुढच्या जागी निघायचं. कृष्णा-गोदावरीच्या बाजूला खोल पाण्यात एवढे पाय पुरत नाहीत, तिथे तरंगत्या रिग आणि ड्रिलशिप लागतात.

हे झालं यंत्राचं. नोकरी शोधणाऱ्याला त्याहून महत्त्वाचं आहे ते माणसांचं गणित. एका जॅक-अपवर शंभराच्या आसपास माणसं असतात आणि त्या सगळ्यांना पगार देणारा मालक एक नसतो. मुंबई हायचं तेलक्षेत्र ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचं. रिग बऱ्याचदा एखाद्या ड्रिलिंग कंपनीची, रोजच्या भाड्याने घेतलेली. सिमेंटिंग करणारे तिसऱ्या कंपनीचे, मड लॉगिंगवाले (विहिरीतून वर येणारा चुरा तपासणारे) चौथ्या, स्वयंपाकघर आणि झाडलोट कॅटरिंगच्या कंत्राटदाराकडे, आणि रंगारी, रिगर, वेल्डर हे माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे. लग्नासारखंच आहे ते: हॉल एकाचा, केटरर दुसरा, मांडववाला तिसरा, आणि बँडवाल्यांना कुणी बोलावलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून ‘रिगवर अर्ज केला’ असं कुणी सांगितलं की मी विचारतो, कुणाकडे? मुलं ओएनजीसीच्या भरतीची वाट बघत दोन-तीन वर्षं घालवतात आणि ज्या कंत्राटदारांकडे नवखा माणूस खरोखर लागतो, त्यांची नावंही त्यांना ठाऊक नसतात. ही नावं मिळतात कशी? जो आधीपासून जातोय त्याच्या बॉयलर सूटच्या पाठीवर लिहिलेली असतात.

खालच्या पायरीवर करायचं काय

सगळ्यात खालची पायरी राउस्टअबाउटची. म्हणजे डेकवरचा पडेल ते काम करणारा गडी. धुणं, घासणं, गंज खरवडणं, रंग देणं, पोती वाहणं. पण त्याचं खरं काम क्रेनखाली असतं, आणि बाहेरच्या माणसाला त्याची कल्पना नसते.

सप्लाय बोट रिगच्या कुशीत येऊन उभी राहते. ती लाटेवर दोन-तीन मीटर वरखाली होतेय, रिग मात्र पायांवर स्थिर. क्रेनचा हुक खाली जातो, बोटीवरचा माणूस कंटेनरच्या स्लिंगा हुकात अडकवतो, आणि तीन-चार टनांचा डबा झुलत वर येतो. डेकवर दोन राउस्टअबाउट टॅगलाइन धरून उभे. टॅगलाइन म्हणजे वजनाला बांधलेली साधी दोरी, तिने वजन फिरू द्यायचं नाही. ही दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात, कारण वारा आला तर डबा दोरीबरोबर माणसालाही नेतो. वजनाखाली जायचं नाही. वजन आणि भिंत यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. वजन खाली टेकवताना हात लावायचा मोह होतो, तो आवरायचा. माझ्या पाहण्यातल्या बोटं गेलेल्या तिघांपैकी तिघांचीही बोटं याच शेवटच्या वीतभर अंतरात गेली.

त्याच्या वरची पायरी ड्रिल फ्लोअरची, म्हणजे जिथून विहीर खोदतात त्या मजल्याची. परदेशी रिगवर त्याला फ्लोअरमन किंवा रफनेक म्हणतात, ओएनजीसीच्या भाषेत रिगमन. एक ड्रिल पाइप साधारण ९ मीटर लांब. असे तीन जोडून २७ मीटरचा एक स्टँड. विहीर अडीच हजार मीटर खोल गेली आणि तळाशी खोदणारं टोक, म्हणजे बिट, झिजला, की तो बदलायला आख्खी नळी बाहेर काढायची. ९० पेक्षा जास्त स्टँड. प्रत्येक वेळी तेच: स्लिप लावून पाइप धरायचा, मोठ्या पान्यांनी सांधा सोडवायचा, स्टँड बाजूला उभा करायचा. वर, फ्लोअरपासून पंचवीसेक मीटरवर, मंकी बोर्ड नावाच्या छोट्या फळीवर टॉपमन पट्टा लावून उभा असतो आणि प्रत्येक स्टँडचं वरचं टोक ओढून खाचेत बसवतो. नव्या रिगवर यातलं बरंचसं यंत्रं करतात. जुन्यांवर अजून खांदे करतात. पुढे असिस्टंट ड्रिलर, ड्रिलर आणि टूलपुशर. टूलपुशर या शब्दाला मराठी नाही, शोधूही नका. फ्लोअरवरचा मुकादम म्हणा.

मड हा शब्द सारखा कानावर येईल. विहिरीत फिरवायचा तो घट्ट द्रव: बिट थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि खालच्या दाबाला वजनाने रोखून धरतो. त्यात घालायची बेंटोनाइट माती आपल्या कच्छमध्ये निघते. त्या मातीची आणि बॅराइटची पोती फोडून हॉपरमध्ये ओतणं हेही नवख्याच्याच वाट्याला येतं. तोंडाला मास्क लावा. मी पहिल्या महिन्यात कंटाळा केला आणि आठवडाभर खोकत बसलो.

गॅलीतली, म्हणजे रिगच्या स्वयंपाकघरातली कामं अनेकांच्या लक्षातच येत नाहीत. शंभर माणसांचं दिवसातून चार वेळचं जेवण, कारण रात्रपाळीलाही जेवायला लागतं. कुक, त्याच्या हाताखालचे भंडारी, मेसमन, खोल्या आणि कपडे बघणारे स्टुअर्ड, आणि त्या सगळ्यांवर कॅम्प बॉस. मोठ्या कँटीनमध्ये किंवा हॉटेलात दोन वर्षं हात चालवलेला मुलगा इथे लवकर लागतो. मेकॅनिकच्या मुलाला हे सांगितलं की त्याला अपमान वाटतो. माझ्या शेवटच्या रिगवरचा कॅम्प बॉस भांडी घासत आला होता, आणि तिथला टूलपुशर त्याला विचारल्याशिवाय अंडं खात नसे.

मग अनुभव आणायचा कुठून

आता बडोद्याचा नकाशा समोर घ्या. १९५८ साली खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० साली अंकलेश्वरला, १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली. ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबई हायला तेल शोधलं ते त्यानंतर, १९७४ साली, आणि तिथलं उत्पादन १९७६ मध्ये सुरू झालं. म्हणजे समुद्रात जाण्याआधी देशाने हा धंदा आपल्या आजूबाजूला जमिनीवर शिकला. माणसानेही त्याच क्रमाने शिकावं असं माझं मत आहे.

अंकलेश्वर, गंधार, मेहसाणा, कलोल, इकडे पादऱ्याच्या बाजूला, सगळीकडे जमिनीवरच्या विहिरी आहेत. त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या. म्हाताऱ्या विहिरीला डॉक्टर लागतो, तो म्हणजे वर्कओव्हर रिग: ट्रकवर बसवलेली छोटी रिग, जी जुन्या विहिरीतली नळी काढते, दुरुस्ती करते आणि पुढच्या विहिरीकडे जाते. यातल्या कितीतरी रिग कंत्राटदार चालवतात आणि त्यांना हेल्पर, रिगमन, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन लागतच असतात. काम तेच, पाइप तोच, पाने तेच, चिखलही तोच. फक्त शिफ्ट संपल्यावर जीपमध्ये बसून घरी येता येतं. दीड-दोन वर्षं हे केलेल्या मुलाच्या बायोडेटावर ‘रिग’ हा शब्द खरा असतो. समुद्रातला ड्रिलर मुलाखतीत दोन प्रश्न विचारतो आणि त्याला ते लगेच कळतं.

कायद्याने जमिनीवरची तेलविहीर ही खाण आहे. २०२५ पर्यंत १९५२ चा खाण कायदा तिला लागू होता, आता त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. म्हणून १८ वर्षांखालचा मुलगा चालत नाही, कामावर घेण्याआधी फॉर्म ‘ओ’ वर वैद्यकीय तपासणी होते आणि एमव्हीटी नावाचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं. हे दोन कागद जपून ठेवा. तुम्ही खरोखर विहिरीवर काम केलंय याचा पुढे तोच पुरावा होतो. मी माझा पहिला एमव्हीटीचा कागद मोटारसायकलच्या सीटखाली ठेवला होता. पावसाळ्यानंतर त्याचा लगदा निघाला आणि नवा मिळवायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या.

दुसरी वाट अॅप्रेंटिसशिपची. १९६१ च्या कायद्याखाली ओएनजीसी दरवर्षी अॅप्रेंटिस घेते आणि त्यात बडोदा, अंकलेश्वर, अहमदाबाद, मेहसाणा ही केंद्रं असतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक असे ट्रेड. वय साधारण १८ ते २४. निवड आयटीआयच्या परीक्षेतल्या मार्कांवर, त्यामुळे आयटीआयमध्ये वर्गाबाहेर चहा पीत बसलेल्यांना इथे त्याची किंमत मोजावी लागते. वर्षभर विद्यावेतन मिळतं, नोकरीची हमी मिळत नाही, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. पण त्या वर्षात गॅस डिटेक्टर, वर्क परमिट (कामाआधीची लेखी परवानगी), लॉकआउट (दुरुस्तीआधी यंत्र बंद करून कुलूप लावणं) हे शब्द अंगवळणी पडतात, आणि कंत्राटदाराला तेवढंच हवं असतं. इंजिनीअर मुलांची गोष्ट वेगळी. त्यांनी त्यांच्या भरती परीक्षेचा अभ्यास करावा, माझ्या लेखात वेळ घालवू नये.

तिसरी वाट शटडाऊन. रिफायनरी किंवा केमिकलचा कारखाना ठरावीक काळाने बंद करून आतून उघडतात. कोयली, नंदेसरी, दहेज या पट्ट्यात वर्षभर कुठे ना कुठे हे चाललेलं असतं. महिना-दीड महिना रात्रंदिवस काम, शेकडो फिटर, रिगर, स्कॅफोल्डर, वेल्डर. फ्लँज, म्हणजे पाइपचे बोल्ट लावलेले सांधे, उघडणं आणि बसवणं, चेन पुलीने वजन उचलणं, बंद टाकीत शिरणं, आणि प्रत्येक गोष्टीला परमिट. प्लॅटफॉर्मवरच्या देखभालीचं काम याचंच भावंड आहे. वेल्डरने तिरक्या धरलेल्या पाइपवर वेल्डिंगची सिक्स-जी टेस्ट काढली असेल तर त्याला कुणी रिगचा अनुभव विचारतही नाही.

चौथी, आणि माझ्या मते तरुणांनी सगळ्यात कमी पाहिलेली, दोरीची वाट. प्लॅटफॉर्मच्या खालच्या बाजूला परांची बांधायला जागा नसते, तिथे गिर्यारोहकासारखं दोरीवर लटकून रंग, तपासणी, वेल्डिंग करतात. त्यासाठी आयराटा नावाच्या संस्थेची पातळी असते. पहिल्या पातळीला आधीचा अनुभव लागत नाही: वय १८, चार दिवस शिकायचं, पाचव्या दिवशी परीक्षा. दुसऱ्या पातळीसाठी मात्र वर्षभर आणि दोरीवरचे १,००० तास लागतात. फक्त दोरीवर लटकता येणाऱ्यापेक्षा लटकून काहीतरी करता येणाऱ्याला मागणी असते, म्हणजे रंगकाम किंवा एनडीटी, म्हणजे लोखंड न कापता आतला दोष शोधायची तपासणी. एनडीटी शिकवणाऱ्या संस्था बडोद्यात आहेत. उंचीची भीती असेल तर हा परिच्छेद विसरा.

समुद्रातल्या बांधकामाला हंगाम असतो, हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं. पाइपलाइन टाकणं, नवे प्लॅटफॉर्म बसवणं, ही कामं पावसाळ्यात बंद. ऑक्टोबरपासून मेपर्यंत बार्ज (कामगार आणि सामान नेणारी सपाट जहाजं) समुद्रात असतात. त्यामुळे कंत्राटदार माणसं गोळा करायला लागतात ते गणपतीच्या आसपास. मार्चमध्ये बायोडेटा घेऊन फिरणाऱ्याला ‘बघू’ एवढंच ऐकायला मिळतं.

पाण्याखाली उलटं

समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाला जीव वाचवण्याचं प्रशिक्षण लागतं. ओएनजीसीची अशी संस्था गोव्यात बेतुलला आहे. परदेशी कंपन्या ओपिटो या संस्थेच्या मान्यतेचा बोसिएट मागतात: तीन दिवसांचा कोर्स, चार वर्षांची मुदत. आग विझवणं, लाइफबोट, प्रथमोपचार, आणि ज्याच्यासाठी सगळे रात्रभर जागे राहतात तो ह्युएट, म्हणजे पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर येणं.

तलावावर क्रेनला टांगलेला एक डबा असतो, आत हेलिकॉप्टरसारख्या सीटा. पट्टा बांधून बसायचं. डबा पाण्यात उतरतो, पाणी पावलांना, गुडघ्यांना, छातीला लागतं, तुम्ही शेवटचा श्वास घेता आणि डबा उलटा होतो. नाकात पाणी, डोळ्यांपुढे फेस, वर कुठे आणि खाली कुठे काही कळत नाही. या सगळ्यात एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट आणि दुसरा पट्ट्याच्या बकलवर. हलणं थांबेपर्यंत थांबायचं. मग खिडकी ढकलायची, आणि त्यानंतरच पट्टा सोडायचा. माझ्या तुकडीतल्या एकाने घाईत आधी पट्टा सोडला. तो तरंगत डब्याच्या तळाशी गेला, जो त्या वेळी वर होता, आणि खिडकी समजून सीटचा पाय ढकलत बसला. पाणबुड्याने त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. पट्टा हाच तुमचा पत्ता. तो सुटला की खिडकी हरवते.

हे नाटक कशासाठी, असं वाटत असेल तर २८ जून २०२२ आठवा. मुंबई हायला ‘सागर किरण’ रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावं लागलं. आत नऊ जण होते, चौघे गेले.

अट्टल पोहणारा असण्याची गरज नाही, पण तोंडावर पाणी आलं की घाबरणारा माणूस इथे अडकतो. आधी दोन महिने महापालिकेच्या तरण तलावात जा. विश्वामित्रीत सराव करू नका, तिथे मगरी तुमच्याआधीपासून आहेत.

आता माझं एक मत, कोर्स विकणाऱ्यांना आवडणार नाही असं. नोकरी समोर दिसत नसताना बोसिएट करू नका. चार वर्षांची मुदत पहिल्या दिवसापासून संपायला लागते, आणि बऱ्याच कंपन्या माणूस निवडल्यावर स्वतःच पाठवतात. हातात पैसे थोडे असतील तर ते आधी ट्रेडवर घाला: रिगिंग, सिक्स-जी, हायड्रॉलिक्स. तसंच सीडीसीचं. हे डीजी शिपिंग या जहाजांच्या सरकारी खात्याने द्यायचं खलाशाचं पुस्तक. जहाजावर, सप्लाय बोटीवर जायचं असेल तर लागतं. ते हातात आलं म्हणजे नोकरी आली असं सांगणारा माणूस तुम्हाला पुस्तक विकतोय.

वैद्यकीय तपासणीत मुलं अडकतात ती अनपेक्षित ठिकाणी. रंगांधळेपणा, कानाचा पडदा, रक्तदाब. इलेक्ट्रिशियनला लाल-हिरवं ओळखता आलं नाही तर पुढचं सगळं थांबतं. कोर्सची फी भरण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत.

पैसे कोण कुणाला देतो

त्या बर्फाच्या मेसेजकडे परत येऊ. खरी कंपनी रिगपर्यंतचा प्रवास, हेलिकॉप्टर, रिगवरचं जेवण आणि राहणं यांचे पैसे घेत नाही. ‘हेलिकॉप्टरचं तिकीट’, ‘परत मिळणारी अनामत’, ‘समुद्राचा विमा’ यातला एकही शब्द आला की फोन ठेवा. आखातात पाठवणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालची नोंदणी लागते. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधता येतं, आणि त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. जहाजावर माणसं चढवणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना हवा, आणि नोकरी लावून देण्याबद्दल त्याने खलाशाकडून पैसे घ्यायचेच नसतात. टुरिस्ट व्हिसावर पाठवून ‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. आणि दहावी पास असाल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते असा, शिक्का नको. तो आला तर गुणपत्रिका दाखवून काढून घ्या.

पगाराबद्दल मुलांच्या डोक्यात दीड लाख बसलेत. ते मिळतात, ड्रिलरला, मेकॅनिकला, परदेशी रिगवरच्या जुन्या माणसाला. कंत्राटदाराच्या नवख्याला सहसा दिवसाच्या हिशेबाने मिळतं, आणि म्हणून एकच प्रश्न विचारायचा: ऑफमध्ये पगार चालू राहतो का? ओएनजीसीचा माणूस १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस घरी असतो, कंत्राटी क्रू बऱ्याचदा २८ दिवस आणि २८ दिवस. दिवसाचा दर चांगला वाटतो, पण घरचे २८ दिवस कोरडे असतील तर त्याचे दोन भाग करा आणि मग बघा. माझ्या पहिल्या कंत्राटदाराने हे मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात बायकोने विचारलं.

आणखी एक विचारायचं असतं, ते लाजेने कुणी विचारत नाही: राहायला कुठे ठेवणार, रिगवर की बार्जवर, आणि वादळाचा इशारा आला तर काय करता? १७ मे २०२१ ला ताउते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही बार्ज नांगर तुटून वाहवत गेली आणि बुडाली. २६१ जण होते. नौदलाने आणि बाकीच्यांनी दीडशेहून जास्त लोकांना पाण्यातून उचललं, सत्तरहून अधिक गेले. त्यात वेल्डर, फिटर, हेल्पर होते, हंगामाच्या शेवटच्या दिवसांत चार पैसे जास्त मिळवायला थांबलेले. हे सगळं मी त्या मुलाला आईसमोर सांगितलं. त्याला ते आवडलं नाही, पण सही करण्याआधी घरात हे माहीत असायला हवं.

शेवटी त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि विचारलं, ‘पण काका, पहिल्या दिवशी होतं काय?’

जुहूला हेलिबेसवर तुमचं आणि बॅगेचं वजन करतात. लाइटर काढून घेतात. सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात, लाइफजॅकेट चढवतात. रिगवर उतरलात की पंख्याच्या वाऱ्यात वाकून, टोपी धरून चालायचं. मोबाइल राहण्याच्या भागाबाहेर न्यायचा नाही, ठिणगीच्या भीतीने. काही रिगवर तो येताच जमा करून घेतात. वेगळ्या रंगाचं हेल्मेट मिळतं, म्हणजे हा नवा आहे, याच्यावर नजर ठेवा, असं सगळ्यांना लांबून कळावं. मग एक कार्ड हातात देतात. त्यावर तुमचं नाव, तुमचा बंक आणि तुमच्या लाइफबोटीचा नंबर. भोंगा झाला की हातातलं सगळं टाकून त्या बोटीपाशी जायचं आणि कार्ड उलटवायचं. खोली बघण्याआधी बोट बघून यायची, अंधारातही सापडेल अशी.

‘म्हणजे नेटवर्क नसतं?’ मुलाने विचारलं.

सोमवारी सकाळी तो अंकलेश्वरच्या गाडीत बसला. वर्कओव्हर रिगवाल्या दोन कंत्राटदारांचे पत्ते मी त्याला शेव-उसळीच्या पुड्याच्या कागदावर लिहून दिले होते.